आमच्या कटओव्हरला यायचं हं!

मोताळ्यात 'रनबुक' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला तो 'शुभ्रबोंड शेतकरी उत्पादक कंपनी'च्या संचालक मंडळाच्या बैठकीत, आणि तो उच्चारला देवेशने. अध्यक्ष वामनराव तेव्हा चहात बिस्कीट बुडवत होते. त्यांनी बिस्कीट अर्ध्यातच थांबवून विचारलं, "कायचं बुक?"

"रनबुक, भाऊ. जुनी सिस्टिम बंद करून नवी चालू करायची, त्याले कटओव्हर म्हणतात. त्या दिवशी कोणतं काम आधी, कोणतं मागून, कोणी करायचं, आन् बिघडलं तं माघारी कसं फिरायचं, हे सगळं ज्याच्यात लिहिलेलं असते ते रनबुक."

"म्हणजे कार्यक्रमपत्रिका," संचालक हिंमतराव म्हणाले.

थांबलेलं बिस्कीट तोवर चहात पडलं होतं. वामनराव ते चमच्याने शोधू लागले, सगळी सभा त्या शोधाकडे पाहू लागली, आणि वाद घालण्यात अर्थ नाही असं वाटून देवेशने मान डोलावली. 'कार्यक्रमपत्रिका' असं इतिवृत्तात नोंदलं गेलं.

आता देवेशची बाजू थोडी समजून घेतली पाहिजे. तो चार वर्षं पुण्यात एका मोठ्या कंपनीत होता. तिथे त्याने पुष्कळ रनबुकं पाहिली होती. एवढंच नव्हे, त्यांतल्या प्रत्येकात त्याचं नाव होतं. शेवटून दुसरी पायरी असायची, 'देवेशला कळवणे'. मग कोणीतरी देवेशला कळवायचं, देवेश 'बरं' म्हणायचा, आणि पुण्यातली एक मोठी सिस्टिम सुखरूप चालू व्हायची. पुढे कंपनीच्या लक्षात आलं की देवेशला कळवलं नाही तरी ती चालू होते. देवेश मोताळ्याला परत आला.

गावात त्याच्या परत येण्याची निरनिराळी कारणं प्रचलित होती. 'हवा मानवली नाही' हे त्यातलं सगळ्यात सभ्य. त्यामुळे सभासदांचा कापूस-सोयाबीन घेणाऱ्या या कंपनीत त्याला 'सिस्टिम मॅनेजर (तात्पुरते)' असं पद मिळालं, तेव्हा त्यातला कंस तेवढा घासून काढायचा, हे त्याने मनाशी ठरवलं होतं. कंपनीचा जुना संगणक सुरू करण्यापूर्वी त्याच्या पाठीत एक धपाटा घालावा लागे. नवी सिस्टिम पुण्याच्या एका फर्मकडून घेतली होती, आणि ती बसवायला आपला माणूस पाठवण्याची तयारीही फर्मने दाखवली होती. देवेश म्हणाला होता, "माणूस कशाले? मी आहो नं."

वामनराव चहातला गाळ बाजूला सारून म्हणाले, "हे पाय देवेश. सोमवारी हंगाम चालू होऊन राह्यला. पयली ट्रॉली नव्या शिस्टिमवर तुलली पायजे आन् शेतकऱ्याच्या हातात पावती पडली पायजे. पडली तं तू पर्मनंट. नाही पडली तं मंग पुण्याचा माणूस येईन, आन् तो तुह्या खुर्चीवर बसन."

"पडन, भाऊ," देवेश म्हणाला.

घरी त्याने दोन दिवस खपून रनबुक लिहून काढलं. सुटसुटीत होतं. 'डेटा काढा. जुनं मशीन बंद करा. नव्यात भरा. तपासा. चालू करा. बिघडलं तर जुन्यावर माघारी फिरा.' ते वडिलांनी पाहिलं, ही पहिली दुर्घटना. रमाकांतराव तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून घरात टिपणीला येण्यासारखं काही शिल्लक नसल्यामुळे ते कष्टी असत.

"'मशीन बंद करा'? कोणाच्या आदेशान्वये? संदर्भ कुठाय? अरे, उद्या कोणी विचारलं का बंद केलं, तं काय दाखवशील?"

सकाळपर्यंत त्या पायरीचं असं झालं: 'उपरोक्त विषयास अनुसरून जुना संगणक तात्काळ बंद करण्यात यावा व बंद केल्याबाबतचा अहवाल सदर संगणकावर टंकलिखित करून अवलोकनार्थ सादर करावा.'

"बाबा, बंद संगणकावर अहवाल कसा टाइप करायचा?"

"ते कार्यवाही करणारा पाहील," रमाकांतराव म्हणाले. या वाक्यामागे अख्खी नोकरी उभी होती.

आई शारदाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "जेवणाचं लिवलं का त्याच्यात?"

"आई, हे तांत्रिक आहे."

"तांत्रिक करणारे उपाशी राह्यतात का? शेवटी लिव, जेवण म्हणून."

देवेशने शेवटची पायरी लिहिली, 'भोजन'. चार-पाच जण असणार होते. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून पोहे आणले तरी भागलं असतं.

संचालक मंडळाने रनबुक वाचलं, म्हणजे त्यातला एकच रकाना वाचला. 'जबाबदार व्यक्ती.' हिंमतराव म्हणाले, "सगळ्या खाली देवेश, देवेश, देवेश. याच्यात माह्यं नाव काऊन नाही बे? मी काय वाऱ्यावर आलो का?"

"काका, ही कामाची यादी आहे."

"मंग मी काय कामाचा नाही?"

याला पुण्यात उत्तर असेल, मोताळ्यात नव्हतं. हिंमतरावांसाठी एक पायरी निर्माण करण्यात आली, 'सर्व्हरवर लक्ष ठेवणे'. ते समाधानाने मागे टेकले. मग इतरांची नावं आली. अध्यक्ष म्हणून वामनराव सर्वांत वर आणि 'आशीर्वाद' म्हणून त्यांचे दिवंगत वडील त्याहून वर गेले. हिंमतरावांनी खिशातून पंचांग काढलं आणि चालू करण्याची वेळ रविवारच्या राहुकाळात येत असल्याचं दाखवून दिलं. तेव्हा सगळा कटओव्हर उचलून दुपारच्या आत आणण्यात आला. शेवटी एवढी नावं असलेला कागद साध्या प्रिंटरवर काढणं बरं दिसत नाही, म्हणून तो छापून घ्यायचा ठराव झाला.

छापखाना राजकुमारचा. राजकुमारने गेल्या कित्येक वर्षांत लग्नपत्रिकेखेरीज काही छापलेलं नव्हतं. देवेशने त्याला फाईल मोबाईलवर पाठवली आणि तो डेटा साफ करायच्या कामाला लागला. प्रूफ पाहायला रमाकांतराव स्वतः गेले. एक वेलांटी दुरुस्त करून ते अत्यंत प्रसन्न मुद्रेने परतले. "एकही अशुद्ध शब्द नाही," ते म्हणाले. "असं काम आता पाहायला मिळत नाही."

ही दुसरी दुर्घटना. पण ती रविवारी सकाळपर्यंत कोणाला कळायची नव्हती.

रविवारी सकाळी देवेश पाठीला लॅपटॉप लावून स्कूटरवरून कंपनीच्या आवारात शिरला, तो थेट मांडवात. वजनकाट्याच्या भोवती कनाती लागल्या होत्या. भिंतीकडे मोठ्या चुली पेटल्या होत्या आणि वांगी चिरणाऱ्या बायांची एक रांगच बसली होती. खांबाला भोंगा बांधणाऱ्या माणसाला त्याने विचारलं, "कोणाचं लग्न आहे?"

"शिस्टिमचं," तो म्हणाला आणि त्याने खिशातून एक पत्रिका काढून दिली. "तुमाले नाही भेटली? घ्या."

पत्रिका गुलाबी होती. वर गणपती, खाली वामनरावांच्या वडिलांचा फोटो. मजकूर असा:

'आमचे येथे श्रीकृपेकरून आमची जुनी सिस्टिम व पुणे येथील नवी सिस्टिम यांचा कटओव्हर रविवारी शुभमुहूर्तावर करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे. भोजन: कटओव्हर लागल्यानंतर लगेच. कृपया आहेर आणू नये.'

त्याखाली 'जबाबदार व्यक्ती' हा रकाना 'आपले नम्र' या मथळ्याखाली सलग लावलेला होता. आणि तळाशी, दोन बदकांच्या मधोमध, बोबड्या वळणाच्या अक्षरांत: 'आमच्या कटओव्हरला यायचं हं!'

देवेशने राजकुमारला फोन लावला.

"राजकुमार, हे काय छापलं? किती छापलं?"

"तुह्या कागदावरच होतं नं भाऊ. 'एकूण सभासद अकराशे'. मी अकराशे छापल्या. हिंमतरावांनी गावोगावी फिरून सोता वाटल्या. नाव आहे नं त्याइचं."

"आन् माघारी फिरायची पायरी? ती कुठे गेली?"

"ते मी काढून टाकलं," राजकुमार समजुतीच्या सुरात म्हणाला. "पत्रिकेत 'जमलं नाही तं वापस' असं कोणी लिवते का? अशुभ असते ते."

कटओव्हरचा पहिला नियम असा की त्या दिवशी सिस्टिम वापरणारा एकही माणूस जवळ फिरकू नये. आणि फाटकातून ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर येत होता. बाया नव्या लुगड्यांत, पोरं पावडर लावून. पाव्हण्यांना अत्तर लावायला एक जण उभा होता, त्याने देवेशलाही लावलं.

देवेश सर्व्हरच्या खोलीकडे धावला. दारात हिंमतराव फेटा बांधून खुर्ची टाकून बसले होते.

"काका, आत जाऊ द्या."

"थांब. मले पत्रिकेत पाहू दे." हिंमतरावांनी चष्मा लावला. "सर्व्हरजवळ माह्यं नाव आहे. तुह्यं कोठी आहे?"

देवेशने पत्रिका वरून खाली, खालून वर वाचली. नावं वाढता वाढता जागा कमी पडली होती आणि जो माणूस सर्व पायऱ्यांवर होता त्याचं नाव वारंवार येतं म्हणून राजकुमारने सगळीकडून काढलं होतं. या कटओव्हरशी अधिकृत संबंध नसलेला तालुक्यातला तो एकमेव इसम होता. पुण्यात निदान कळवत तरी होते.

"काका, मी सिस्टिम मॅनेजर आहो!"

"तात्पुरता," हिंमतराव म्हणाले, पण सरकले. पाव्हण्याचा अपमान नको म्हणून.

आत आल्यावर कळलं की सर्व्हरचा इन्व्हर्टर भोंग्याला जोडला आहे. म्हणजे लाईन गेली तर सर्व्हर बंद पडणार होता, भाषण नाही. देवेशने ते सोडून दिलं. सगळ्याच गोष्टींशी माणूस लढू शकत नाही.

जुन्या संगणकाचा डेटा त्याने आदल्या दिवशीच काढून ठेवला होता, आणि तो नव्यात भरायला लावला. तो भरत असताना बाहेर वामनरावांच्या हस्ते जुन्या संगणकाला हार घालण्यात आला. त्याची ओटी भरावी की नाही यावर बायांमध्ये दोन मतं पडली; शेवटी शाल दिली. 'याने आपल्याले लय वर्सं साथ देल्ली' असं वामनराव माईकवर म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. मग कोणीतरी म्हणालं, पाठवणी पाहिजे. पुढच्या क्षणी जुना संगणक फुलं लावलेल्या ट्रॉलीत बसून बेंजोच्या तालावर आठवडी बाजाराच्या दिशेने निघाला. मागे माणसं नाचत होती.

देवेशला हे काचेतून दिसलं. माघारी फिरायचं झालं तर त्यासाठी जे यंत्र लागणार होतं, त्याच्यावर आता गुलाल उधळला जात होता.

तरीही काम व्यवस्थित चाललं होतं. पडद्यावरचा हिरवा पट्टा पूर्ण भरला. 'यशस्वी' असं उमटलं. देवेशने श्वास सोडला आणि सभासदांचा एकूण आकडा पाहिला. अकराशेचे सव्वातीनशे झाले होते.

त्याने फर्मच्या निवेदिताला फोन लावला. निवेदिता पुण्यात बसून सगळ्या ग्राहकांना मदत करायची आणि कधीही आवाज चढवायची नाही.

"मॅडम, माणसं कमी झाली."

"अभिनंदन सर! सिस्टिमने डुप्लिकेट काढून टाकलेत. तुमच्याकडे तीच ती नावं खूप वेळा होती."

"तीच ती नावं म्हणजे?"

"म्हणजे उदाहरणार्थ, गजानन पाटील हे गृहस्थ तुमच्या यादीत फारच वेळा होते. आता एकदाच आहेत. छान स्वच्छ झालंय."

देवेश खाली बसला. गजानन महाराजांचं शेगाव याच जिल्ह्यात आहे. या पट्ट्यात घरटी एक गजानन असतो, काही घरांत चुलतभाऊ धरून तीन. जुन्या प्रोग्रॅममध्ये वडिलांच्या नावाला जागाच नव्हती, म्हणून 'ओळख' नावाचा एक रकाना होता आणि त्यात 'बुलेटवाला', 'वाकड्या विहिरीचा', 'आचाऱ्याचा जावई', 'भांडखोर' असं लिहिलेलं असे. गावात सगळे एकमेकांना याच नावांनी ओळखत, तर यंत्रानेही ओळखलं. हा रकाना देवेशने स्वतः पाहिला होता. तो निवेदिताला दाखवताना त्याला लाज वाटली होती, गावंढळ दिसेल म्हणून. त्याच्यापुढे त्याने इंग्रजीत 'अनावश्यक' असा शेरा मारून तो डेटातून वगळला होता.

"मॅडम, ते माघारी नाही का आणता येत?"

"नक्की येतं सर. जुन्या संगणकावरून पुन्हा डेटा काढा. तो तुमच्यासमोरच असेल ना?"

देवेशने खिडकीतून पाहिलं. लांब कुठेतरी बेंजो वाजत होता. त्याने मिरवणुकीतल्या चार जणांना फोन लावले. चौघांनीही उचलले आणि चौघांनीही फोन उंच धरून त्याला बेंजो ऐकवला.

तेवढ्यात वामनराव आत आले आणि पडद्यावर वाकले. सर्वांत वर नाव होतं गजानन पाटील. सगळ्या गजाननांची जमीन आता त्याच्या एकट्याच्या नावावर होती. बावीस-तेवीस गावांत शेती, नदीच्या अलीकडे आणि पलीकडेही, शिवाय दोन गावांत एकाच वेळी वास्तव्य.

"हा कोण बे एवढा मोठा शेतकरी?" वामनराव थक्क झाले. "आपल्या कंपनीत हाये आन् आपल्याले माईत नाही? याचा सत्कार झाला पायजे!"

"भाऊ, थांबा..."

पण वामनराव माईकपाशी पोचले होते. "आपल्या जिल्ह्याचे सगळ्यात मोठे कास्तकार, मा. गजाननराव पाटील यांनी सत्कारासाठी मंचावर यावे!"

मांडवात खळबळ उडाली आणि गजानन पाटील उठले. पहिल्या रांगेतून पाच, मधून एक घोळका, चुलीकडून एक वांगी चिरायचं सोडून आलेला, आणि फाटकाबाहेर पान खाणारे तिघे धावत. मंच मांडववाल्याचा होता आणि भाषणापुरता बांधलेला होता. अर्धे गजानन चढले तेव्हा तो एका अंगाला कलला. उरलेले अर्धे खाली उभे राहून 'खरा मी आहो' असं सांगू लागले. हातात एकच शाल घेऊन वामनराव उभे होते.

"यातला खरा गजानन कोण?" त्यांनी माईकवरच विचारलं.

"मी!" असा एवढा मोठा आवाज मोताळ्याच्या इतिहासात एका माणसाने कधी दिला नसेल.

देवेशने वामनरावांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. त्याने स्वतःच कोणता रकाना काढला, तेही. वामनरावांनी हातातली शाल घडी करून आपल्याच खांद्यावर टाकली. मग म्हणाले, "म्हणजे उद्या यातल्या कोनाबी गजाननचा कापूस आला तं पावती निघन?"

"निघन. पण सगळ्या गजाननांची मिळून एक."

"लावू का पुण्याले फोन?" वामनरावांनी हे रागाने विचारलं नाही. त्याचंच देवेशला जास्त लागलं.

मागे शारदाबाई पत्रावळींचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या. "तुमचं जे काय चालू हाये ते बाजूला ठेवा. वरण-बट्टी तयार हाये. पंगत बसवायची हाये. आता सगळे हायेत, एकदा जेवले की एक माणूस हाती लागायचा नाही."

देवेशने आईकडे पाहिलं. मग मांडवाकडे. त्याच्या डोक्यात काहीतरी चालू झालं, आणि त्याला धपाटाही लागला नाही.

अकराशे सभासद सहकुटुंब समोर बसले होते. जगातल्या कुठल्याही कटओव्हरमध्ये सिस्टिम वापरणारा प्रत्येक माणूस एका जागी, एका वेळी, स्वखुशीने आजवर हजर झाला नव्हता. पुण्यात अशी बैठक बोलावली असती तर सात जण आले असते आणि त्यातले पाच 'आवाज येतोय का' विचारत राहिले असते. आणि मुख्य म्हणजे ही पंगत होती. पंगतीला बसलेला माणूस सगळ्यांचं होईपर्यंत उठत नाही. शेजारचा जेवत असताना उठलं तर त्याचा अपमान होतो, आणि तो अपमान पुढच्या दोन लग्नांत काढला जातो.

त्याने माईक घेतला.

"मंडळी, पंगत गावावार बसन. मोताळा इकडे, बाकीची गावं फलक पाहून. वाढपी पोरांनो, तुम्ही सगळे इकडे या. मोबाईल घेऊन."

नव्या सिस्टिमचं मोबाईलवरून सभासद नोंदवायचं एक साधन होतं, ते फर्मने फुकट दिलं होतं म्हणून कोणी उघडलं नव्हतं. देवेशने ते तीसेक वाढप्यांच्या फोनवर टाकून दिलं आणि नियम सांगितला. एकाने वाढायचं, दुसऱ्याने लिहायचं. बट्टी वाढताना नाव आणि वडिलांचं नाव. वरणाला गाव. वांग्याच्या भाजीला मोबाईल नंबर. जमीन किती ते तुपाच्या वेळी विचारायचं, कारण तूप समोर असताना माणूस खोटं बोलत नाही.

"आन् ज्यानं नंबर चुकीचा सांगितला?" एका पोराने विचारलं.

"त्याले दुसरी बट्टी नाही."

पंगत बसली. 'नाव सांगा काका, बट्टी घ्या' असा एकच गजर मांडवात उठला. पहिली रांग नोंदली गेली आणि काम अडलं. फोनवर चाक फिरत राहिलं. देवेशला लगेच कळलं. शेकडो लोक एका हाताने जेवत होते आणि दुसऱ्या हाताने मोबाईलवर व्हिडिओ पाहत होते, आणि आवाराला टॉवर एकच.

त्याने हे हिंमतरावांना सांगितलं. हिंमतराव सर्व्हरसमोरून उठले. आपल्या पायरीवरून ते पहिल्यांदाच उठत होते आणि तेवढ्याच गांभीर्याने त्यांनी माईक धरला.

"ज्याचा मोबाईल चालू दिसन, त्याले तूप नाही! मी सोता फिरून राह्यलो!"

ते खरोखर फिरले, फेटा बांधून, हातात तुपाचं भांडं घेऊन. एका रांगेत त्यांनी आपल्या सख्ख्या मेहुण्याची वाटी कोरडी ठेवली. ते पाहिल्यावर पुढच्या सगळ्या रांगांतले फोन खिशात गेले. चाक थांबलं, नोंदी धावू लागल्या.

सव्वातीनशेचा आकडा चढू लागला. गजानन पाटील फुटू लागला. गजानन नारायण पाटील, गजानन श्रीराम पाटील, गजानन सखाराम पाटील. पडद्यावर एकेक माणूस जन्माला येत होता आणि बाहेर तो बट्टी कुस्करत होता. एका रांगेत दोन गजानन सापडले, वडिलांचं नावही एकच, गावही एकच. वाढप्याने हाक मारली. देवेश धावत गेला.

"तुमच्यात फरक काय?" त्याने विचारलं.

"तो खोटारडा हाये," पहिला म्हणाला.

"मोबाईल नंबर सांगा," देवेश म्हणाला. नंबर वेगळे निघाले. विज्ञानाला एवढं पुरलं.

तिसऱ्या पंगतीला लाईन गेली.

सर्व्हर गप्प झाला. भोंगा मात्र इन्व्हर्टरवर होता, त्यामुळे 'हो, लाईन गेली बरं का' असं वामनराव सगळ्यांना स्पष्ट ऐकवू शकले. देवेशने कपाळाला हात लावला. उरलेल्या गावांची पंगत अर्धी जेवली होती. पुरवायला बट्ट्या तेवढ्याच होत्या, आणि माणूस सावकाश किती जेवेल याला मर्यादा असतात.

आणि फाटकातून बेंजो आला. पाठवणी बाजारातून फिरून, दोन ठिकाणी सरबत पिऊन परत आली होती. पुढे नाचणारे, मध्ये गुलालाने माखलेला जुना संगणक, आणि त्याच्या ट्रॉलीला जोडलेला, सगळ्या बेंजो पथकाला वीज पुरवणारा, धडधडणारा जनरेटर.

देवेश नाचणाऱ्यांच्या गर्दीत घुसला. त्यांना वाटलं तोही नाचायला आला, म्हणून त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. सर्व्हरच्या खोलीपर्यंत तो तसाच, वरून ओरडत आणि हाताने दिशा दाखवत पोचला. जनरेटरची वायर खिडकीतून आत गेली. सर्व्हर उठला. मात्र बेंजो बंद पडला. पथकाचा प्रमुख चिडला, तेव्हा शारदाबाईंनी त्याला सगळ्या पथकासह पंगतीत बसवलं आणि वाढप्याने सवयीप्रमाणे त्यांचीही नोंद करून घेतली.

शेवटच्या माणसाने तृप्तीचा ढेकर दिला आणि शेवटची नोंद पडली. अकराशेपेक्षा जास्त झाले होते. जे सभासद नव्हते तेही जेवायला आले होते, आणि दुसऱ्या बट्टीपर्यंत सभासद झाले होते. त्यांच्या अर्जाला संचालक मंडळाने जागच्या जागी, हात धुता धुता मंजुरी दिली. रमाकांतरावांनी 'जेवणाच्या अधीन राहून' असा शेरा सुचवला. तो एकमताने स्वीकारला गेला.

निवेदिताचा फोन आला. पहिल्यांदाच तिचा आवाज जरा चढलेला होता.

"सर, हे कसं केलंत? प्रत्येक नोंद सभासदाने स्वतः तपासलेली दिसतेय. आमच्या एकाही ग्राहकाकडे हे झालेलं नाही. अशा वेळी आम्ही दोन टक्के लोकांना फोन करतो, आणि ते उचलत नाहीत. तुमचं रनबुक पाठवाल का? आम्हाला सगळ्यांना दाखवायचंय."

देवेशने तिला गुलाबी पत्रिकेचा फोटो पाठवला. तिने फोन न ठेवताच तो उघडून वाचला. मग म्हणाली, "सर, भोजन ही पायरी शेवटी आहे. ती तर मुख्य दिसतेय."

"हाव मॅडम," देवेश म्हणाला. पुण्याशी बोलताना त्याने 'हाव' म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि त्याने ते मुद्दाम म्हटलं.

सोमवारी सकाळी काट्यासमोर ट्रॉल्यांची रांग लागली. पहिली ट्रॉली काट्यावर चढली. वर पांढऱ्या कापसाचा डोंगर आणि त्यावर मालक. वामनराव, हिंमतराव आणि बाकी संचालक काट्याच्या खोलीत दाटीवाटीने उभे होते. देवेशने विचारलं, "नाव?"

"गजानन पाटील," मालक वरून म्हणाला.

हिंमतरावांनी डोळे मिटले.

"वडलाचं नाव?"

"नारायण."

देवेशने कळ दाबली. पडद्यावर एकच माणूस आला. गजानन नारायण पाटील, त्याचं गाव, त्याची जमीन, त्याचा मोबाईल. छपाईयंत्र कुरकुरलं आणि पावती बाहेर आली. तिकडे ट्रॉलीवर फोन वाजला. मालकाला वजनाचा संदेश आला होता. त्याने तो वाचला, पावती वाचली, दोन्ही ताडून पाहिलं आणि म्हणाला, "बराबर हाये. वाढलं तेव्हाच सांगतलं होतं मी."

वामनरावांनी देवेशच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की जुना संगणकही एका थापेत चालू झाला असता. "पर्मनंट!" ते म्हणाले, आणि रांगेतल्या ट्रॅक्टरवाल्यांना कारण कळलं नसलं तरी त्यांनी हॉर्न वाजवले.

दोन आठवड्यांनी नांदुऱ्याच्या एका धान्य संस्थेची मंडळी जीप करून देवेशला भेटायला आली. त्यांचीही सिस्टिम बदलायची होती. त्यांनी संगणकवाला आणला नव्हता, आचारी आणला होता. देवेश आपल्या खुर्चीवर बसला होता. खुर्चीमागच्या पाटीवरचा कंस खरवडून काढलेला होता.

"सायब, बाकी सगळं ठरलं," त्यांचे अध्यक्ष अदबीने म्हणाले. "एवढंच विचारायचं होतं. आमच्याकडे आता पंगतीची पद्धत कमी झाली. बुफे ठेवला तं चालते का?"

देवेशने मागे टेकून क्षणभर विचार केला.

"नाही," तो म्हणाला. "बुफेत डेटा सांडतो."